फासे दुसऱ्याच्या हातात: दूरच्या प्रतिस्पर्ध्याशी टेबलावरचं बेसबॉल आणि तुमचं 'पद्धती'चं प्रकरण

परवा एका ज्युनिअर मुलीचा मेसेज आला. "दादा, सिनॉप्सिसमध्ये संशोधन पद्धती किती सविस्तर लिहायची? गाईड म्हणतात अजून लिहा, आणि लिहिलं की म्हणतात फार झालं."

मी तिला उत्तर देणार होतो, पण ते मेसेजमध्ये मावेना. कारण हा प्रश्न मला नीट कळला तो पुस्तकातून नाही, तर टेबलावर खेळल्या जाणाऱ्या बेसबॉलच्या एका लीगमधून. म्हणून आज थोडं आडवळणाने जाऊ. बेसबॉल येत नसेल तरी चालेल, क्रिकेट येतं ना? तेवढं पुरे.

खेळ काय आहे

अमेरिकेत मी पीएचडीला आलो, त्या वर्षी लॅबमधल्या एकाने मला या लीगमध्ये ओढलं. खेळ असा: खऱ्या खेळाडूच्या एखाद्या सीझनच्या आकडेवारीवरून त्याचं एक कार्ड बनवलेलं असतं. तुम्ही फासे टाकायचे, कार्डावर आकडा शोधायचा, तिथे लिहिलेलं घडलं असं मानायचं. हिट, बाद, वॉक, होमरन, जे काय असेल ते. शेकडो वेळा फासे टाकले की कार्डावरचा खेळाडू साधारण त्या सीझनमध्ये खेळला तसाच खेळतो.

या खेळांना मोठा इतिहास आहे. पेनसिल्वेनियातल्या लँकेस्टरच्या रिचर्ड साइट्झ यांनी १९५१ मध्ये 'एपीबीए' बाजारात आणला. हॅल रिचमन यांचा 'स्ट्रॅट-ओ-मॅटिक' १९६१ चा. रिचमन यांनी त्याची पहिली आवृत्ती अकराव्या वर्षी बनवली आणि पुढे गणिताचा अभ्यास केला. आम्ही खेळतो तो हा दुसरा. त्यात तीन फासे. पांढऱ्या फाशावर १, २, ३ आले तर बॅटरच्या कार्डाचा तो रकाना बघायचा. ४, ५, ६ आले तर पिचरच्या कार्डाचा. उरलेल्या दोन फाशांची बेरीज म्हणजे त्या रकान्यातली ओळ. एकूण २१६ शक्यता, त्यातल्या १०८ बॅटरच्या आणि १०८ पिचरच्या.

एवढंच असतं तर तो नुसता जुगार झाला असता. पण फासे टाकण्याआधी मॅनेजरला निर्णय घ्यायचे असतात. कोणाला कितव्या नंबरवर खेळवायचं, पिचर कधी बदलायचा, धावपटूने पुढचा बेस चोरायचा की नाही, बंट करायचा की नाही. खेळाची मजा आणि डोकेदुखी सगळी इथे आहे.

प्रतिस्पर्धी दुसऱ्या गावात असला की

समोरासमोर बसलात तर प्रश्न नाही. पण लीगमधले मॅनेजर वेगवेगळ्या राज्यांत पसरलेले असतात. इंटरनेटच्या आधीच्या काळात यावर काढलेला तोडगा मला अजूनही भारी वाटतो. पाहुण्या टीमच्या मॅनेजरने आपल्या सूचना एका कागदावर लिहून पोस्टाने पाठवायच्या. यजमान मॅनेजर आपल्या घरी, एकटा, दोन्ही टीमचे फासे टाकणार. स्वतःच्या टीमसाठी तो स्वतःचं डोकं वापरणार आणि तुमच्या टीमसाठी तुमचा कागद. मग स्कोअरशीट तुम्हाला परत पाठवणार.

आता व्हिडिओ कॉल आहे, कॉम्प्युटरवर एकमेकांविरुद्ध थेट खेळायची सोय आहे. आमच्या लीगमध्येही ज्यांचं वेळापत्रक जुळतं ते थेट खेळतात. पण कोणी रात्रपाळीला असतो, कोणाला लहान मूल असतं, आणि किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत घड्याळात तीन तासांचा फरक आहेच. त्यामुळे बऱ्याच मालिका अजून सूचनापत्रकावरच खेळल्या जातात. फरक इतकाच की पोस्टाऐवजी ईमेल.

विचार करा: तुमची टीम, तुमच्या गैरहजेरीत, तुमच्या विरुद्ध खेळणारा माणूस चालवतोय. आणि तो प्रामाणिक आहे. तो तुम्ही लिहिलंय तेच करणार.

हेंडरसनची चोरी

आमची लीग १९८२ च्या सीझनची आहे. प्रत्येकाने त्या वर्षाची एक खरी टीम घ्यायची. मी नवा, त्यामुळे उरलेली ओकलंड माझ्या वाट्याला आली. त्या वर्षी ओकलंड १६२ सामन्यांत ६८ जिंकली आणि ९४ हरली. पण टीममध्ये रिकी हेंडरसन होता. त्याने त्या सीझनमध्ये १३० बेस चोरले. आधुनिक काळातला तो विक्रम अजून मोडलेला नाही. मी खूश. सूचनापत्रकात दिमाखात लिहिलं: "हेंडरसन पहिल्या बेसवर आला आणि पुढचा बेस मोकळा असला की चोरी करायची."

एका सामन्यात आम्ही ७-३ ने मागे होतो. शेवटची, नववी इनिंग. पहिलाच बॅटर हेंडरसन, त्याला वॉक मिळाला. एकही बाद नाही. प्रतिस्पर्ध्याने माझा कागद पाहिला, फासे टाकले, हेंडरसन चोरी करताना बाद. पुढच्याला वॉक, त्याच्या पुढच्याचा सिंगल, मग होमरन. तीन धावा. त्यानंतर दोन बाद. आम्ही ७-६ ने हरलो.

स्कोअरशीटवर त्याने त्या ओळीशेजारी लिहिलं होतं, "तुझ्या सूचनेप्रमाणे."

फाशांना हेंडरसन कुठे आहे हे माहीत नसतं. तो पहिल्या बेसवर नुसता उभा राहिला असता तरी पुढचे फासे तेच पडले असते आणि सामना बरोबरीत आला असता. मी रात्री उशिरापर्यंत चिडून बसलो होतो. पण चिडायचं कोणावर? त्याने अक्षर न् अक्षर पाळलं होतं.

इथे एक सावधगिरी. "हरलो म्हणून निर्णय चुकीचा" हा तर्क संशोधनात वर्ज्य आहे. चोरी जमली असती तरी तो निर्णय चूकच होता, आणि हे फासे टाकायच्या आधी सांगता येतं.

जरा हिशोब करू

मेजर लीगच्या नोंदींवरून ढोबळ सरासरी अशी निघते. पहिल्या बेसवर धावपटू आणि एकही बाद नाही, तर त्या इनिंगमध्ये पुढे सरासरी ०.८६ धावा होतात. तोच दुसऱ्या बेसवर गेला तर १.१०. तो बाद झाला, म्हणजे बेस रिकामे आणि एक बाद, तर ०.२५. अशा प्रकारचं विश्लेषण जॉर्ज लिंडसे यांनी १९६३ मध्येच 'ऑपरेशन्स रिसर्च' या नियतकालिकात मांडलं होतं.

म्हणजे चोरी जमली तर फायदा ०.२४, फसली तर तोटा ०.६१. फायदा-तोटा बरोबरीत यायला यशाचं प्रमाण ०.६१ भागिले ०.८५, म्हणजे जवळजवळ ७२ टक्के हवं. हेंडरसन १९८२ मध्ये १३० वेळा यशस्वी झाला आणि ४२ वेळा पकडला गेला. १७२ पैकी १३०, म्हणजे साडेपंच्याहत्तर टक्के. विक्रमी सीझन, पण या सरासरी हिशोबाने नफा शंभर प्रयत्नांमागे तीन-साडेतीन धावांचा! समोर चांगल्या हाताचा कॅचर असला की तेवढाही नाही.

आणि हा हिशोब फक्त धावांचा. नवव्या इनिंगमध्ये चार धावांनी मागे असताना हेंडरसनची एकटी धाव आम्हाला वाचवू शकत नव्हती. तिथे मौल्यवान होतं ते 'बाद न होणं'. समोर बसलो असतो तर मी हे एका क्षणात ओळखलं असतं. म्हणजे मला ते माहीत होतं. कागदाला माहीत नव्हतं.

दुसरी चूक: सहा पानांचं पत्रक

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो. पुढच्या मालिकेला सहा पानी सूचनापत्रक पाठवलं. प्रत्येक बॅटरसाठी वेगळा परिच्छेद, प्रत्येक इनिंगसाठी वेगळा तक्ता. निकाल? चुका वाढल्या. प्रतिस्पर्ध्याला प्रत्येक वेळी फासे टाकण्याआधी सहा पानं चाळावी लागत होती. दोन ठिकाणी माझेच नियम एकमेकांशी भांडत होते, आणि एकदा तर त्याने मागच्या मालिकेचं जुनं पत्रक वापरलं, कारण मी कुठेच तारीख घातली नव्हती.

शेवटी लीगमधल्या एका सत्तरी ओलांडलेल्या मॅनेजरला फोन केला. ते पोस्टाच्या काळापासून खेळतायत. त्यांचा सल्ला साधा होता: समोरचा माणूस खेळ जाणतो हे गृहीत धर. जिथे तुझा निर्णय त्याच्या निर्णयापेक्षा वेगळा असेल, तेवढंच लिही.

त्या ज्युनिअर मुलीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे. 'किती सविस्तर' हे पानांवर ठरत नाही. एखादा जाणकार माणूस जिथे तुमच्यापेक्षा वेगळं काही करेल, त्या प्रत्येक जागी तुम्ही लिहिलंय का, हे बघायचं.

आता माझं पत्रक कसं असतं

एक पान. वर तारीख आणि आवृत्तीचा क्रमांक. त्याखाली एका वाक्यात हेतू: "शेवटच्या तीन इनिंगांत मागे असलो तर धावपटू पुढे नेण्यापेक्षा बाद वाचवणं महत्त्वाचं." मग नियम. चोरीपुरते हे असे:

१. धावांचा फरक दोन किंवा कमी असेल आणि यशाची शक्यता ७५ टक्के किंवा जास्त असेल, तर हेंडरसनने चोरी करावी.
२. सातव्या इनिंगपासून पुढे आपण दोन किंवा जास्त धावांनी मागे असू, तर कोणीही चोरी करू नये.
३. दोन नियम एकाच वेळी लागू झाले तर खालचा नियम पाळावा.
४. यात न बसणारा प्रसंग आला तर स्वतःच्या टीमसाठी जे केलं असतं ते करावं, आणि स्कोअरशीटवर त्या जागी फुली मारावी.

आठव्या इनिंगमध्ये बरोबर दोन धावांनी मागे असलो तर? पहिला नियम म्हणतो चोरी करा, दुसरा म्हणतो नको. अशी टक्कर होणारच, ती टाळता येत नाही. म्हणून तिसरा नियम लागतो.

चौथा नियम मला सर्वांत प्रिय. जगातले सगळे प्रसंग तुम्हाला आधी सुचणार नाहीत. पण कागद जिथे गप्प होता त्या जागा नंतर तुम्हाला दिसल्या पाहिजेत. मालिका संपली की मी पहिल्यांदा फुल्या मोजतो. फुल्यांवरून पुढचं पत्रक सुधारतं.

'थकला असं वाटलं तर' म्हणजे काय?

पिचर बदलणं हे त्याहून अवघड. ओकलंडच्या पिचरांची एक कहाणी आहे. १९८० मध्ये बिली मार्टिन मॅनेजर असताना या टीमच्या पिचरांनी १६२ पैकी ९४ सामने सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकट्याने टाकले होते. १९८२ येईपर्यंत त्यातल्या बहुतेकांची धार गेली होती, आणि कार्डं १९८२ ची आहेत. मी मात्र नावांच्या मोहात पडून लिहिलं होतं: "लँगफर्डला जमेल तितका वेळ ठेवा. थकल्यासारखा वाटला तर बदला."

'जमेल तितका' कोणी ठरवायचं? 'वाटला तर' कोणाला? फासे टाकणाऱ्याला तर मी हरायला हवा आहे! तो लबाडी करत नाही, पण शंकेचा फायदा माणूस नकळत स्वतःकडे ओढतो. तुम्हीही ओढाल, मीही ओढेन.

आता मी लिहितो: "सहाव्या इनिंगपासून एका इनिंगमध्ये तीन बॅटर बेसवर पोचले की लगेच बदला." हे मोजता येतं. मुख्य म्हणजे, स्कोअरशीट हातात आल्यावर ते पाळलं गेलं की नाही हे मी घरबसल्या तपासू शकतो. पुस्तकात 'कार्यात्मक व्याख्या' म्हणून जे शिकवतात ना, ते हेच. संकल्पनेचं असं रूप, की दोन वेगवेगळी माणसं, त्यांचे हितसंबंध वेगळे असले तरी, एकाच उत्तराला पोचतील.

आणि फासे खरे पडले का?

हा प्रश्न मला सगळेजण विचारतात. तो घरी एकटा फासे टाकतोय, मग फसवत नसेल कशावरून?

एका मालिकेत मी चारही सामने हरलो तेव्हा माझ्याही मनात आलं होतं. मग कागद-पेन घेतलं. माझी टीम ६८-९४ ची, म्हणजे एक सामना हरण्याची शक्यता ढोबळमानाने ०.५८. चार सलग: ०.५८ चा चौथा घात, साधारण ०.११. म्हणजे नऊपैकी एखादी मालिका अशी जाणारच. सीझनमध्ये चार-चार सामन्यांच्या चाळीस मालिका धरल्या, तर चार-पाच वेळा हे व्हायलाच हवं. मनातला आरोप मी मुकाट्याने मागे घेतला.

नमुना लहान असताना संशय फार लवकर येतो. तुमच्या डेटातल्या विचित्र आकड्याला 'शोध' किंवा 'घोटाळा' म्हणण्याआधी, नुसत्या योगायोगाने तो किती वेळा आला असता हे एकदा मोजा.

आता माझ्या उन्हाळ्याची गोष्ट

हेंडरसनची चोरी मला एवढी का लागली, ते सांगतो. त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात माझ्या प्रबंधाचं पहिलं सर्वेक्षण झालं होतं. विषय: महाराष्ट्राच्या दुष्काळी भागातल्या गावांत पाणी भरण्यात बायकांचा किती वेळ जातो. मी इथे अमेरिकेत, सर्वेक्षक तिथे गावात. त्यांच्यासाठी मी सूचना लिहिल्या. त्यातली एक ओळ: "दार बंद असेल तर शेजारच्या घरी जा."

साधी, सोयीची ओळ. सर्वेक्षकांनी ती मनापासून पाळली.

आकडे आले. वेळ फारच कमी निघाला. मी खूश की काहीतरी अनपेक्षित सापडलं! गाईड मॅडमनी एकच प्रश्न विचारला, "बंद दारं किती होती?"

मला माहीत नव्हतं. नोंदवा असं मी लिहिलंच नव्हतं.

दिवसा दार कोणाचं बंद असतं? जी बाई पाण्याला गेलीय तिचं. जी मजुरीला गेलीय आणि येताना हंडा भरून आणणार आहे, तिचं. ज्यांच्यासाठी अभ्यास होता त्यांनाच माझ्या एका ओळीने वगळलं होतं, आणि घरी नळ किंवा बोअर असलेल्यांच्या मुलाखती झाल्या होत्या. तोवर पाऊस पडून गेला होता. टंचाईचा अभ्यास पुन्हा करायचा तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबणं आलं. एक वर्ष गेलं. त्याहून वाईट हे, की ज्या बायकांनी कामाचा खोळंबा करून तासभर उत्तरं दिली, त्यांची उत्तरं मला वापरता आली नाहीत.

बरेच दिवस मी मनातल्या मनात सर्वेक्षकांना दोष देत होतो. "त्यांना कळायला नको का?" मग ते स्कोअरशीट आलं, 'तुझ्या सूचनेप्रमाणे' असं लिहिलेलं. तेव्हा उमजलं की दोन्हीकडे चूक एकाच माणसाची होती.

पुढच्या उन्हाळ्याचं पत्रक एका पानाचं होतं. हेतू वर लिहिला: "दिवसा घरी नसणाऱ्या बाया आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाच्या." दार बंद असेल तर त्याच घरी तीन वेळा जायचं, त्यातली एक वेळ संध्याकाळी सातनंतरची. तिन्ही वेळा बंद असेल तर 'बंद' अशी नोंद करायची, शेजारचं घर घ्यायचं नाही. सूचनेत न बसणारं काही झालं तर फुली मारायची आणि शेजारी दोन शब्द लिहायचे. सर्वेक्षकांनीच मला सांगितलं की यात्रेच्या दिवशी गावात जाऊ नका, सगळं गाव बाहेर असतं. हे मला इथे बसून कधीच सुचलं नसतं.

तुमच्यासाठी एक गृहपाठ

पद्धतीचं प्रकरण लिहून झालं की गाईडकडे पाठवायच्या आधी हे करा. विषयाची थोडीफार जाण असलेला मित्र गाठा. त्याला ते प्रकरण द्या आणि सांगा, "समज तू मी आहेस. मला फोन करायचा नाही." मग एकेक अडचण त्याच्यापुढे ठेवा. दार बंद आहे. उत्तर देणारी मध्येच उठून गेली. सासूबाईच सुनेच्या वतीने उत्तरं देतायत. यंत्र एका दिवसासाठी बंद पडलं. दोन नोंदी जुळत नाहीत. प्रत्येक वेळी त्याने फक्त तुमच्या कागदावरून निर्णय घ्यायचा, आणि तुम्ही गप्प बसायचं.

गप्प बसणं फार जड जातं. "अरे, तसं नव्हतं म्हणायचं मला" हे वाक्य ओठांवर येईल. ते जिथे जिथे येईल तिथे कागदावर फुली मारा. त्या फुल्या म्हणजे तुमचं राहिलेलं लिखाण. आणि जिथे त्याने न सांगताही बरोबर तेच केलं, तो परिच्छेद खुशाल काढून टाका. गाईड 'अजून लिहा' म्हणतात ते पहिल्या जागांबद्दल, आणि 'फार झालं' म्हणतात ते दुसऱ्या.

ओकलंडचं म्हणाल तर या सीझनमध्येही आम्ही तळाकडेच आहोत. कार्डंच तशी आहेत. पण मागच्या मालिकेच्या स्कोअरशीटवर फक्त दोन फुल्या होत्या. आणि हेंडरसन नवव्या इनिंगमध्ये, तीन धावांनी मागे असताना, पहिल्या बेसवर शांतपणे उभा होता. हरलो तरीही. पण या वेळी मला रात्री झोप लागली.

गृहपाठ करून बघा, आणि तुमच्या कागदावर किती फुल्या निघाल्या ते कळवा.